रिकाम्या टाकीचं खाणं

३ नोव्हेंबर, रविवार

सकाळच्या गाडीने पोचले. सामान मोजकंच: दोन बॅगा, एक खोकं, छत्री. घर स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे, तरी टॅक्सी केली. ऊन छान पडलं होतं आणि टॅक्सीवाला रस्ताभर आपल्या सासऱ्याची नक्कल करून दाखवत होता. उन्हाळ्यानंतर आज पहिल्यांदाच हसले असेन.

उन्हाळ्यात दादा गेला. आई-वडील मी लहान असतानाच गेले, त्यामुळे मला वाढवलं त्यानेच. माझ्या प्रगतिपुस्तकावर सही त्याची असायची. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. समोर कोणीही बसलेलं असो, त्याच्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घ्यायचा, रुमालाने पुसायचा आणि परत नाकावर बसवून द्यायचा. डाव्या कानाने त्याला ऐकू येत नसे, म्हणून मी नेहमी त्याच्या उजवीकडे बसायची. मला टाचणी म्हणायचा. बारीक म्हणून, आणि गप्प राहून टोचते म्हणून.

माझी बदली या गावात झाल्याचं कळल्यावर वहिनींनी आपणहून फोन केला होता. खोली घेऊन कशाला राहता, त्यांची मागची खोली रिकामीच आहे, म्हणाल्या. दारात उभ्या होत्या. जरा वाळल्यात, पण रडलेल्या वाटल्या नाहीत. मला अहो-जाहो करतात. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून मला अगं-तुगं करायच्या. दुःखात माणूस परक्यासारखं वागतं, असं मनाशी म्हटलं.

दादाची खोली मला दिली आहे. खिडकी मोठी, भिंतीला लोखंडी स्टँड, त्यावर दादाच्या माशांच्या टाकीच्या बुडाचा चौकोनी डाग. दादा दवाखान्यात असताना मासे मेले, मग वहिनींनी टाकी माळ्यावर टाकली. बाथरूमच्या कोपऱ्यात मात्र एक बादली आहे. तिच्यात टाकीच्या फिल्टरचा जुना स्पंज आणि त्याला हवा देणारा छोटा पंप. पंप चालू होता. हे कशाला ठेवलंय, असं विचारलं तर म्हणाल्या, बंद केला की वास मारतो. मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, की तुम्हाला हौस असेल तर टाकी पुन्हा मांडा, माझी काही हरकत नाही.

खोली लावली. उशीवर डोकं टेकताच झोप येईल असं वाटतंय.

६ नोव्हेंबर, बुधवार

नवीन ऑफिस बरं आहे. काम तेच, विम्याचे दावे तपासायचे. शेजारच्या टेबलावर हेडक्लार्क बसतात. गोल चेहरा, बडबडे. माझ्या दादाला ते ओळखत होते. त्यांचा चष्मा त्यानेच केलेला.

घरी येताना माशांच्या दुकानात गेले. दुकानदार टाकीच्या काचेवर कोपर टेकवून दात कोरत होता. त्याला म्हटलं, झाडांची टाकी करायची आहे, आणि मासे आजच द्या. तो म्हणाला, ताई, आज मासे नेले तर परवा पुरायला खड्डा काढा. आधी टाकीला सायकल करावी लागते, आणि ती दोन चाकांची नव्हे. मग समजावलं. माशांची घाण कुजली की पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. तो खाणारे जिवाणू आधी पाण्यात वाढवायचे. ते वाढावेत म्हणून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाणं टाकायचं. ते कुजतं, जिवाणू जेवतात. म्हटलं, म्हणजे मासे नसताना वाढायचं? तर म्हणाला, आमच्या घरी सासूबाई येत नाहीत तेव्हाही त्यांचं पान मांडतात, त्यातलंच समजा.

जुना स्पंज आहे हे सांगितल्यावर त्याचे डोळे चमकले. म्हणाला, मग तुमचं अर्धं काम झालं. तो नळाखाली धुऊ नका, जसा आहे तसा नव्या पाण्यात पिळा.

९ नोव्हेंबर, शनिवार

टाकी मांडली. दिवस कसा गेला कळलं नाही.

माळ्यावरची काच उतरवून व्हिनेगरने पुसली. तळाला माती, वर वाळूचा थर. वाळू उडू नये म्हणून मधे एक बशी ठेवली आणि बशीवर हळूहळू पाणी ओतलं. लाकडाच्या ओंडक्याला शेवाळ दोऱ्याने बांधलं. उंच झाडं मागे, बुटकी पुढे. चिमट्याने एकेक रोप खोचताना दादाची आठवण येत होती. तो असाच, जीभ दातांत धरून करायचा.

शेवटी बादलीतला स्पंज काढला. जड होता, आणि कोमट लागला. पंपाच्या जवळ असल्याने असेल. दोन्ही हातांनी पिळला. पिवळट तपकिरी पाणी धुरासारखं टाकीभर पसरलं. वहिनी दारात उभ्या राहून बघत होत्या. हातात रबरी मोजे होते. घरात ओल्या कामाला त्या नेहमी मोजे घालतात. कोपरापर्यंत हात घालता का तुम्ही, असं विचारलं. मी हो म्हटलं तर मान डोलावून गेल्या.

चिमूटभर खाणं टाकलं. रिकाम्या पाण्यात ते कण फिरत फिरत खाली गेले. जरा विचित्र वाटलं.

१३ नोव्हेंबर, बुधवार

पाणी दुधासारखं झालंय. दुकानदार म्हणतो, चांगली खूण आहे, पंगत बसली. झाडांची पानं मात्र विरघळताहेत. जुनी पानं काचेसारखी पारदर्शक होतात आणि बोट लावलं की पाण्यात मिसळून जातात. रोज हात घालून ती वेचून काढते.

तपासणीची पेटी आणली आहे. नळीत पाणी घ्यायचं, बाटलीतले थेंब टाकायचे, हलवायचं, रंग कार्डाशी जुळवायचा. अमोनिया हिरवागार आला. म्हणजे खाणं कुजतंय, खाणारे अजून कमी.

जेवताना दादाचा विषय काढला. शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्याने मला टाकीचा दिवा बंद केलास का, असं विचारलं होतं, ते सांगत होते. वहिनींनी ताट उचललं. म्हणाल्या, इथे राहायचं तर गेलेल्यांचं बोलणं जेवताना नको. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, नुसता राग होता. मला ते लागलं.

त्यांची मुलगी, माझी भाची, सातवीत असताना तापाने गेली. त्यानंतर काही महिन्यांनी दादाने पहिली टाकी आणली होती. पुढे त्याने पोरीचं नाव कधीच काढलं नाही. आम्ही सगळे म्हणायचो, केवढं मन घट्ट केलं त्याने. वहिनी मात्र कुढत राहिल्या. आता दादाच्या बाबतीत त्या दगड झाल्यात. ज्याचं त्याचं दुःख.

१७ नोव्हेंबर, रविवार

पाणी एकदम स्वच्छ झालं. काच आहे की नाही कळू नये इतकं. तिन्ही रंग तपासले. अमोनिया शून्य. मधला टप्पा, नायट्राइट, तोही शून्य. शेवटचा नायट्रेट तेवढा आहे, तो झाडं खातात. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, एवढ्यात होत नाही ताई, रंग नीट बघा, चष्मा पुसा. मी चष्मा पुसून पुन्हा बघितला. शून्य.

खाणं दुप्पट टाकलं. चहा पिऊन येईपर्यंत वाळूवर एक कण दिसला नाही.

झाडांना नवी पानं आली आहेत. गडद, जाड. टाकीसमोर बसलं की मन रिकामं होतं. उन्हाळ्यापासून छातीत जो दगड होता तो हलका झालाय. संध्याकाळी हात बुडवून बसले होते, नुसतीच. पाणी हाताला अगदी हाताइतकंच गरम लागतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

मधल्या सुट्टीत हेडक्लार्क डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, काय टाचणी, कसं चाललंय. मला राग आला. कामावर येऊन महिना झाला नाही आणि टोपणनाव. मी त्यांना म्हटलं, मला नावाने हाक मारा, नाहीतर मारू नका. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, अहो, तुमचे दादाच म्हणायचे की. आमची टाचणी असं करते, आमची टाचणी तसं करते. दुकानात दुसरं बोलणं नसायचं त्यांचं.

मी हसून वेळ मारून नेली. त्यांना बरं वाटलं आणि ते आणखी सांगू लागले. दादा म्हणे गिऱ्हाइकाचा चष्मा न विचारता नाकावरून काढायचा आणि पुसून परत बसवायचा. एकदा एका इन्स्पेक्टरचाही काढला होता. सगळे हसले. मीही हसले. एखाद्या अनोळखी माणसाची गंमत ऐकावी तशी.

घरी येऊन दार लावून बसले. डोळे मिटून त्याचा चेहरा आणायचा प्रयत्न केला. कपाळ येतं. केस येतात. मधे काही नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

गुरुवारपासून टाकीला खाणं दिलेलं नाही. बघायचंच ठरवलं.

खाणं नाही म्हणजे कुजणं नाही, म्हणजे नायट्रेट वाढायला नको. पण रोज वाढतोय. पिवळा होता, मग नारिंगी, आज लाल. ते काहीतरी जेवतंय.

आधी वाटलं वहिनी माझ्या मागे खाणं टाकतात. डबा उघडून पाहिला, वरचा कागद तसाच होता. पाण्यात शिळं-मेलेलं काही नाही. घरात एकच गोष्ट गेलेल्या माणसाची आहे, त्याची आठवण, आणि ती माझ्यापाशी होती.

त्याला कुठल्या कानाने ऐकू येत नव्हतं ते आठवत नाही. मी एका बाजूला बसायची, एवढं आठवतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकली. सकाळी वहिनी ओट्यापाशी मोजे चढवत होत्या, तेव्हा सरळ विचारलं. त्यांनी लपवलं नाही. खुर्ची ओढून बसल्या आणि शांतपणे सांगितलं. एवढ्या शांतपणे, की मला त्यांच्या तोंडात मारावीशी वाटली.

म्हणाल्या, पोर गेल्यावर तुमच्या भावाने टाकी आणली. रोज हात घालून बसायचे. वर्षभरात त्यांना पोर आठवेनाशी झाली. मी तिचा फ्रॉक समोर धरला तर विचारायचे, कोणाचा हा. मी एकटी रडायची आणि ते मला म्हणायचे, काय झालं तुला. मग मला कळलं, पाणी काय खातं. मेलेलं खातं. माणूस गेल्यावर आपल्यात जे उरतं ते. त्या दिवसापासून मी मोजे घालते.

मी विचारलं, मग फेकून का नाही दिलं. म्हणाल्या, पंप बंद करून पाहिला. उपाशी राहिलं की ते हात लावायची वाट बघत नाही. मी बहिणीकडे गेले होते थोडे दिवस. परत आले तर पोरीचा आवाज गेला होता. हसायची कशी ते गेलं. घर सोडून उपयोग नाही, बादली फोडून उपयोग नाही, त्याला फक्त खायला वाढावं लागतं. तुमचे भाऊ गेल्यावर मी मोजे काढले आणि हात घातला. त्यांची आठवण दिली मी त्याला, सगळीच्या सगळी; आता सांगते तेही तेव्हा वहीत लिहून ठेवलेलं वाचून. तुमचा माझा काय संबंध हे मी फोनमधल्या नावावरून ओळखलं. मुलगी नाही देणार.

मी म्हटलं, म्हणून मला बोलावलंत.

तर म्हणाल्या, तुमच्यापाशी पुष्कळ होतं. त्याला बरेच दिवस पुरेल.

मग उठून भाजी चिरायला घेतली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

टाकी उपसायची आणि सगळी माती, झाडं, स्पंज उन्हात वाळवायचं. वाळलं की मरेल. हात लावायचा नाही. रबरी नळी आणली आहे. दुकानदार म्हणाला, पंपबिंप कशाला, एक टोक पाण्यात सोडा, दुसरं तोंडाने ओढा, पाणी ओठाशी यायच्या आत बोट लावा. सगळे तसंच करतात. वहिनींनी ऐकलं. मोजे मागितले तर म्हणाल्या, माझ्याकडे एकच जोड आहे.

संध्याकाळ

ओढलं. पाणी यायला वेळ लागेल असं वाटलं होतं. नळीतून ते माझ्याकडे धावत आलं. तोंड भरलं. थुंकले, पण एक घोट गेला आत. चव नव्हती. नळी हातातून सुटून फरशीवर पाणी पाणी झालं. टाकी अर्धीसुद्धा रिकामी झाली नाही.

वहिनी दारातून बघत होत्या. पाणी आणून दिलं चूळ भरायला. पाठीवरून हात फिरवला. मोजा होता हातात.

बुधवार

लिहून काढायचं ठरवलंय, जेवढं आहे तेवढं. दादा काचा घासायचा. कान — एक कान. मला काहीतरी म्हणायचा. दवाखान्यात शेवटी काही विचारलं, दिव्याबद्दल का —

लिहिलेलं वाचलं तर दाव्याच्या कागदासारखं वाटतं. कोणा मृताचा तपशील. सही करून पुढच्या टेबलावर सरकवावा असा.

शुक्रवार

ऑफिसमध्ये टेबलाशेजारचे गृहस्थ विचारत होते, बऱ्या आहात ना. त्यांना म्हटलं, माझ्या भावाबद्दल पुन्हा सांगा. त्यांनी सांगितलं. चष्म्याचं काहीतरी होतं. घरी येईपर्यंत —

पोट थंड आहे. आत काहीतरी हलतंय असं नाही. उलट. खूप स्वच्छ झालंय.

रविवार

टाकी सुंदर दिसते. कोणी लावली एवढी नीट.

घरमालकीणबाई फार मायाळू आहेत. माझ्यासाठी चहा करून आणला, जवळ बसल्या आणि विचारपूस केली. तुमच्या घरातले आणखी कोण कोण गेलं, म्हणाल्या. आई-वडिलांचं सांगितलं. आईच्या हाताला साबणाचा वास असायचा. वडील सायकलची घंटी दोनदा वाजवून यायचे. बाई अगदी मन लावून ऐकत होत्या. म्हणाल्या, सांगा, आणखी सांगा, सगळं आठवा. आणि माझा हात हळूच धरून —

पाणी उबदार होतं.

सोमवार, बहुतेक

आईच्या हाताला कसलातरी

नाही.

—

बाई आज ओट्यापाशी बसून एकट्याच गाणं म्हणत होत्या. लहान मुलांचं. मधे थांबल्या, घाबरून माझ्याकडे बघितलं, पुढची ओळ आठवली तेव्हा हसल्या. मला म्हणाल्या, तुमच्यात अजून काही आहे ना? कोणी शाळेतलं, शेजारचं? बघा ना आठवून.

मी आठवून पाहिलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून हो म्हटलं.

—

सकाळ. छान ऊन आहे. बाई बाहेर गेल्या आहेत. घरात कोणी नाही.

खोलीत स्टँडखाली पाणी साचलंय, फरशी निसरडी झाली आहे. पुसायला काही सापडेना. कपाटात खालच्या कप्प्यात एक पुरुषाचा शर्ट घडी करून ठेवलेला मिळाला. निळ्या चौकड्यांचा, कॉलर विरलेली. आधीच्या भाडेकरूचा राहिला असेल. खिशात काही नव्हतं. नाकाशी धरला, धुतलेल्या कापडाचा वास, आणखी काही नाही. कापड जाड आहे, पाणी चांगलं ओढेल. शिवणीवर दात लावून मधोमध फाडला. अर्धा उद्यासाठी ठेवला.

आता गुडघ्यावर बसून पुसते आहे, वही शेजारीच आहे. पिळून परत पुसायचं. पाणी कोमट आहे, हाताला बरं वाटतं. भिंतीपासून दाराकडे येते आहे, आणि हे पुसून झालं की मी